सांगायचं का न्हाई

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! वैष्णवी परभणीहून आली, चप्पल काढली, पाणीबी न घेता आत गेली. म्हणजे कळलं. रक्त तपासायचा कोर्स पहिल्या नंबरानं पास झालेली नात माझी, आन तिसऱ्या दवाखान्यातून तोंड पाडून आली.

सुनेनं, कावेरीनं विचारलं, "काय म्हणले गं?"

"कळवतो म्हणले."

कळवतो म्हणजे काय, ते आमालाबी कळायलंय आता.

आन हिनं तिथं केलं काय? खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, मी अडखळत बोलते, मला थोडा वेळ लागतो. फोनवर कुणी बाई शिकवायली म्हणे, आपणच आधी सांगून टाकावं, मन हलकं होतं. मन हलकं झालं, हातबी हलके झाले!

मी म्हणलं, "बाजारात बैल नेला की मालक आधी सांगतो का, हा लंगडतो म्हणून?"

"मी बैल न्हाई, आजी."

हे मात्र सरळ आलं. रागात तिला अडत न्हाई.

५ फेब्रुवारी

रागात मलाबी अडत न्हाई.

हे घरात कुणाला ठाऊक न्हाई. ह्यांना ठाऊक होतं, ते चार वर्षांमागं गेले. गुपितबी सोबत घेऊन गेले, बरं झालं.

चौथीत मास्तरानं धडा वाचायला उभं केलं, पहिल्याच शब्दाला जीभ अडली, मान वाकडी झाली. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलेच न्हाई, आन कुणी जा म्हणलंबी न्हाई. पुढं बघायला पाव्हणे आले. पाटावर बसवलं. "नाव काय पोरी?" मनकर्णा. पहिलंच अक्षर गळ्यात! आत्यानं झटकन सांगून टाकलं आन वरून म्हणली, "लय लाजाळू हाय पोरगी." लाजाळू! पाव्हणे खूश. जमलं.

तेव्हापासून एकच केलं. शब्द अडला की दुसरा घ्यायचा. तोबी अडला की शिवी हासडायची. शिवी कधी अडत न्हाई. नवऱ्याचं नाव घ्यायचंच नसतं, तेवढं एक आपोआप सुटलं. सारं पेडगाव म्हणतं, मनकर्णाबाई लय तोंडाळ. म्हणू दे. तोतरी म्हणण्यापेक्षा बरं.

कागदावर काही अडत न्हाई. म्हणून ही वही.

९ फेब्रुवारी

उद्या चौथी मुलाखत, भुजंग डॉक्टरांच्या लॅबमधी. तिला जवळ बसवून म्हणलं, यावेळी सांगायचं न्हाई. अडलं तर खोकायचं. पदर सावरायचा.

"आजी, मी ड्रेस घालते."

"मग ओढणी सावर, शहाणे!" नाव अडलं तर नाव घ्यायचं न्हाई. म्हातारी असली तर आजी, नसली तर मावशी, बाप्या असला तर काका. दुनियेत सगळे कुणाचे तरी काका असतेत.

हसली. लय दिवसांनी.

१० फेब्रुवारी

लागली! बुधवारपासून ये म्हणले. न सांगता लागली. मी म्हणलं नव्हतं?

कावेरीनं शिरा केला.

२० फेब्रुवारी

सकाळच्या यष्टीनं जाती, दिवस मावळता येती. जेवती, झोपती. आधी घरी तरी बोलायची, अडत अडत का होईना, कोर्सातल्या गमती सांगायची. आता हूं, न्हाई, असू दे. कावेरी म्हणली, "आत्याबाई, पोरगी मुकी व्हायली." मी म्हणलं, दमती.

दमतीच. दिवसभर शब्द बदलत राहायचं म्हणजे काय असतं ते मला इचारा. संध्याकाळी जबडा दुखतो.

२७ फेब्रुवारी

लिहायला हात उचलत न्हाई.

सोमवारी लॅबमधी दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. कागदावर पहिलं नाव सगुणाबाई. 'स' वैष्णवीच्या तोंडून निघत न्हाई. मी शिकवलेलं तिनं केलं. "आजी, या." उठली दुसरीच म्हातारी. तिचं रक्त सगुणाबाईच्या नावानं गेलं. मग पुन्हा "आजी, या", तेव्हा सगुणाबाई उठली. तिचं गेलं दुसरीच्या नावानं.

सगुणाबाईला साखर न्हाईच. कागदावर मात्र तीनशेच्या वर. तिच्या गावच्या डॉक्टरनं गोळ्या चालू केल्या. आज सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात साखर पार उतरलेली निघाली, तेव्हा अदलाबदल कळली. जीव वाचला. डोक्याला पाच टाके. तिचा पोरगा लिंबाजी लॅबमधी येऊन काय काय बोलला, ते वैष्णवीनं सांगितलं न्हाई.

भुजंग डॉक्टर म्हणले, उद्या सकाळी मला सांगायचं, हे झालं कसं.

मी म्हणलं, "सांग गर्दी होती. घाईत झालं."

"गर्दी नव्हती."

"तुला नोकरी ठेवायची का न्हाई?"

माझ्याकडं बघतच राहिली. पोरीच्या डोळ्यात राग असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता.

२८ फेब्रुवारी

सगळं सांगून आली.

डॉक्टर ओरडले म्हणे. अडखळती म्हणून न्हाई, लपवलं म्हणून. "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?" पंधरा दिवस रक्त घ्यायचं न्हाई, नुसतं मशीनपाशी बसायचं. त्यानंतर ठेवायचं का काढायचं, ते बघू म्हणले. ठेवलं तर एक अट. प्रत्येकाचं नाव पूर्ण घ्यायचं, कितीबी वेळ लागू दे, आन समोरच्याच्या तोंडून पुन्हा वदवून घ्यायचं.

"आजी-काका म्हणायचं कुणी शिकवलं," असं इचारलं त्यांनी.

"मग? काय सांगितलंस?"

"माझंच डोकं म्हणलं."

जेवले न्हाई. कावेरीला सांगितलं, पोट दुखतंय.

१ मार्च

वैष्णवीसंगं सगुणाबाईच्या घरी गेले. पोरीनं दारातच सांगितलं, चूक माझी हाय, माझी जीभ अडती, म्हणून तुमचं नाव घेतलं न्हाई. अख्खं सांगायला लय वेळ लागला. लिंबाजी आधी घुश्शात होता, मग खाली बघायला लागला. म्हातारी म्हणली, "बस गं. नाव घे आता माझं."

घेतलं. तीनदा अडून घेतलं.

मी उंबऱ्याशी उभी. शिकवणारी मी हाय, हे मला सांगता आलं न्हाई. शिवीबी सुचली न्हाई.

२ मार्च

आज वैष्णवीला समोर बसवलं आन सांगितलं. माझंबी अडतं. दोनच शब्द, पण चहाला उकळी येऊन गेली. ती मधी बोलली न्हाई.

मग म्हणली, "ठाऊक हाय, आजी. आईलाबी ठाऊक हाय. आई लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आजोबांनी तिला बसवून सांगितलं होतं. हिची जीभ अडती, मधी कुणी शब्द द्यायचा न्हाई, गप वाट बघायची. मला बोलायला यायच्या आधीपासून घरात तसंच हाय."

मी तोंड उघडलं की घर गप व्हायचं. इतकी वर्षं वाटायचं, भितेत मला.