कासिल्दाच्या बरण्या

१२ जानेवारी
आरासेलीच्या रक्तात शिसं निघालं. पाचवा महिना चाललाय माझ्या पोरीचा. डॉक्टरीणबाई मला विचारते — "घरी शिकारीचं मांस खाता?" या गावात हा प्रश्न! म्हटलं, काडतुसं मी स्वतः भरतो, नाताळात पोरीला दिलेल्या तितरांतला एकेक छर्रा वेचून काढलाय, कशात काय असतं ते मला शिकवू नका. "शिकवत नाही, काका. विचारतेय."

१३ जानेवारी
बारमध्ये गास्पार — "आपले आजे छर्रे गिळत नव्वदीला पोचले, लेका. ताटलीत छर्रा टण्‌ वाजला नाही तर ते तितर कसलं, कोंबडीच की!" सगळे हसले. मीही. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच — व्हिनेगर.

१४ जानेवारी
पेल्यात व्हिनेगर घेऊन मूठभर शिशाचे छर्रे टाकून ठेवले. दुसऱ्याच्या शब्दावर मी कधी गेलो नाही. स्वतः बघायचं.

२३ जानेवारी
छर्रे पांढुरके पडलेत. बोटाला पीठ लागतं. म्हणजे शिसं व्हिनेगरात उतरतं. माझी कासिल्दा तितरं अख्खीच मुरवायची — व्हिनेगर, तेल, लसूण, तमालपत्र. आतले छर्रे आतच. "जितकं जुनं तितकं गोड," म्हणायची. गेल्या वसंतात ती गेली तेव्हा तिच्या हातच्या उरलेल्या बरण्या आरासेलीनं मागून नेल्या. दुसरं काही नको म्हणाली.

२४ जानेवारी
फोन केला. आईच्या बरण्या आहेत का अजून?
"कधीच संपल्या, बाबा. डोहाळेच ते लागले होते. शेवटच्या बरणीचा तळ पावानं पुसून खाल्ला. आई शेजारी बसल्यासारखं वाटायचं. का हो?"
सहज, म्हटलं.

९ फेब्रुवारी
बाळ गेलं. मुलगा होता.

१२ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई म्हणाली, "शिशामुळेच, असं ठाम नाही सांगता येणार." ठाम नाही. म्हणजे नाहीच, असंही नाही. एवढं मला कळतं. बंदूक कपाटात ठेवून कुलूप घातलं. करायला दुसरं काही सुचलं नाही.

१५ फेब्रुवारी
आरासेली आली. कोटही काढला नाही. "आईच्या बरण्यांमुळे झालं का? खरं सांगा."
म्हटलं, नाही. तुझी आई एकेक छर्रा वेचून मगच बरणी भरायची. नाताळात मी दिलेली ताजी तितरं — ती मी नीट साफ केली नव्हती.
चेहरा जरा सैल पडला तिचा.
"आईचं नव्हतं, एवढं बरं झालं," म्हणाली. आणि दारातून — "तुम्ही आता आमच्याकडे येऊ नका, बाबा."