बारा खुर्च्या, अकरा नावं

प्रिय मंदा,

फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू 'नंतर बोलू गं' म्हणून ठेवून दिला असतास. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुझ्याकडून एक अंगठा आला असता. म्हणून कागद घेतला आहे. आकुर्डीच्या कॉलेजात असताना तुझी जर्नल्स मी लिहून द्यायचे, त्यामुळे माझं अक्षर तुला वाचता येतं. आज ते जरा वाकडं आलं आहे. मला राग आला आहे मंदा, आणि तीन आठवडे झाले तरी तो उतरत नाही.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी तुझ्या पिंपळे गुरवच्या नव्या बंगल्यात हळदीकुंकू आणि जेवण होतं. दहा दिवस आधी तू आलीस. तुझ्या नवऱ्याच्या, उद्धवरावांच्या चाकणच्या कंपनीशी संबंध असलेल्या साहेबांच्या बायका येणार, सगळं कसं दिसायला हवं, 'विजू, तुझ्या हाताला जे जमतं ते इव्हेंटवाल्यांना जमत नाही.' मी फुगले. रोहिदास गेल्याला दोन वर्षं होत आली होती आणि या दोन वर्षांत मला कुणी आनंदाच्या कामाला हाक मारली नव्हती. मी माझ्या जुन्या इरकली साडीचे काठ उसवून तुझ्या टेबलाची लांब पट्टी शिवली. नॅपकिनांचे विडे वळले आणि प्रत्येकात एक खरी लवंग टोचली. केळीच्या पानांचे गोल कापून चिनीमातीच्या ताटांत बसवले, म्हणजे थाट पंगतीचा आणि सोय टेबलाची. मासवडीचा रस्सा छोट्या पितळी लोट्यांतून द्यायची कल्पनाही माझीच. पाहुण्यांतल्या त्या काळे-मॅडम लोटी हातात धरून फोटो काढत होत्या तेव्हा तू म्हणालीस, 'मला असं काहीतरी सुचत असतं.' मी स्वयंपाकघराच्या दारात होते. ऐकलं. म्हटलं असू दे, मैत्रिणीचं कौतुक ते आपलंच.

नावाच्या पाट्या मी लिहिल्या. तू पाठवलेल्या यादीत तुझ्यासह अकरा नावं होती आणि टेबलाला खुर्च्या बारा. मला वाटलं, बारावी माझी. माझं नाव यादीत नाही कारण मला काय यादीत घालायचं, मी थोडीच पाहुणी आहे. स्वतःचं नाव स्वतःच लिहायला लाज वाटली म्हणून बारावी पाटी कोरी ठेवली, तू लिहिशील म्हणून. किती वेडी मी. दुपारी साडेबाराला तू टेबलाभोवती एक फेरी मारलीस, कोरी पाटी उचलून ड्रॉवरमध्ये टाकलीस आणि ती खुर्ची बाल्कनीत नेऊन ठेवायला सांगितलीस. मी काही विचारायच्या आत म्हणालीस, 'तू तर घरचीच आहेस, आपण मागाहून बसू निवांत.' मागाहून तू बसलीस का? मी ओट्यापाशी उभ्याने भात खाल्ला. घरची म्हणवणाऱ्यांना घरात बसायला जागा असते, एवढं मला आजवर वाटत होतं.

तेही मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं, कारण कामाच्या घरी असं होतंच. पण जेवणं झाल्यावर तू वाण वाटायला घेतलंस. ते खण मी रविवार पेठेतून दोन बस बदलून आणले होते आणि त्या पिशव्यांना गोंडे मी लावले होते. तबक माझ्याच हातात होतं. सगळ्यांना कुंकू लावून झालं आणि तुझी सून, कालची पोर ती, तिला बिचारीला काय ठाऊक, तिने सरळ माझ्या कपाळाकडे बोट आणलं. तुझ्या सासूबाईंनी सोफ्यावरून आवाज दिला, 'तिला नगं लावू गं. तिला न्हाई चालत.' तानुबाईंवर माझा राग नाही मंदा. त्या ऐंशीच्या आहेत, त्यांना त्यांच्या सासूने जे सांगितलं ते त्या सांगतात, आणि निदान मोठ्याने सांगतात. माझा राग तुझ्यावर आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. मग तबकातला चमचा सरळ केलास आणि म्हणालीस, 'चला, कॉफी कोण कोण घेणार?'

रोहिदासला ॲटॅक आला तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर माझा हात धरून बसलेली बाई तीच ही का, हे मी बसमध्ये बसून स्वतःला विचारत होते. बाराव्याला कुणीतरी माझ्या बांगड्यांचा विषय काढला तेव्हा तू त्या बाईला बाहेर काढलं होतंस. मग आताच काय झालं? नव्या सोफ्यावर बसलेल्या चार बायका काय म्हणतील, एवढंच? की तेव्हा दुःख होतं म्हणून तू धीट होतीस आणि आता थाट आहे म्हणून भित्री झालीस? गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात, तसं तुझ्याबद्दल म्हणायला मला नको वाटतं. पण मला दुसरी म्हण सुचत नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते, आणि ही सांगायला मला तुझ्यावर रागावण्यापेक्षा जास्त जड जातंय. घरी आले तर आमच्या सासूबाई भाजी निवडत होत्या. तुला माहीतच आहे, सासरे गेल्यापासून सुभद्राबाई लातूरहून कायमच्या आमच्याकडे आल्या. मी पर्स फेकली आणि सगळं बडबडले, रडले, तुला दोन-चार शिव्याही दिल्या. त्या निवडतच होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, 'मला म्हाईत हाय ते. नऊ वर्सं काढली म्या अशी.' आवाज चढला नाही की काही नाही. उठून मेथी धुवायला गेल्या.

नऊ वर्षं, मंदा. रोहिदास असेपर्यंतची माझ्या घरची नऊ हळदीकुंकवं. तू प्रत्येक वेळी होतीस. माझ्या थर्माकोलवर चिकटवलेल्या हलव्याच्या महिरपी, माझं कुल्हडातलं मसाला दूध, माझी वाणं दर वर्षी काहीतरी नवीन. सगळ्या बिल्डिंगीत नाव. आणि सासूबाई आतल्या खोलीत तिळगूळ वळत बसायच्या. मी त्यांना कधी 'बाहेर येऊ नका' म्हटलं नाही. मी त्यांना कधी 'बाहेर या' असंही म्हटलं नाही. तेवढ्यानेच काम भागत होतं. संध्याकाळी बायका गेल्या की मी त्यांना उरलेलं एक वाण द्यायचे आणि मला वाटायचं, बघा, मी किती पुढारलेली सून. त्यांच्या कपाटात त्या नऊ वस्तू एकावर एक ठेवलेल्या आहेत, एकही वापरलेली नाही. परवा मी पाहिल्या. तेव्हापासून तुझ्यावरचा राग कमी झाला असं समजू नकोस. तो दुप्पट झाला आहे, कारण आता त्यातला अर्धा माझ्यावर आहे आणि तो मला कुणावर काढता येत नाही. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, आता स्वयंपाकाचं बघ. माफ केलं की नाही ते कळलं नाही, आणि ते विचारायचा हक्क मला नाही.

आता हे पत्र का, ते. सोमवारी तुझा मेसेज आला. येत्या रविवारी तुझ्या लेकीचं, उत्कर्षाचं डोहाळजेवण आहे, तीस बायका, झोपाळा फुलांचा हवा, टेबल हिरव्या रंगात हवं, आणि खाली तू लिहिलंस, 'आठला ये, अकराला सगळ्या यायला लागतील, त्याआधी तू मोकळी होशील.' इतक्या सभ्य शब्दांत मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. बुधवारी उत्कर्षाचाच फोन आला. ज्या पोरीला मी अंघोळी घातल्या, जिची पहिली परकर-चोळी मी शिवली, ती म्हणाली, 'मावशी, माझी पहिली ओटी तूच भरायची. आठला आलीस की वरच्या खोलीत भरू, आईला नि आजीला कळणारसुद्धा नाही.' मी तिला त्याच वेळी सांगितलं की बाळा, तुझ्या आईला मी हे कळवणार आहे, आणि ती रडली, पण हो म्हणाली. मी चोरून ओटी भरणार नाही, मंदा. लपून केलेला आशीर्वाद त्या बाळाला नको आणि मलाही नको. तेव्हा रविवारी मी आठला येणार नाही. झोपाळ्याला माणूस शोध. मी साडेअकराला येईन, जरीची साडी नेसून, आणि सासूबाई माझ्याबरोबर असतील. उत्कर्षाच्या ओटीत पहिला नारळ त्या घालतील, दुसरा मी. सगळ्यांसमोर, तानुबाईंसमोर, काळे-मॅडमसमोर. तुला हे चालणार नसेल तर शनिवारपर्यंत मला फोन कर आणि तुझ्या तोंडाने सांग, 'विजू, येऊ नकोस.' मी येणार नाही. पण या वेळी नुसता चमचा सरळ करून चालणार नाही, तुला बोलावंच लागेल.

अजून तरी तुझीच,
विजू