जमैकाच्या आंटीची कोंबडी

आय, आज कोंबडीला कबाबचिनी चोळता चोळता हात थांबला. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता वीस वर्षांनी मोठी आहे, आणि तरी तुला सांगायचं राहूनच गेलंय.

आठवतं, बहारीनला बुसैतीनच्या आपल्या घरामागचं ते छोटंसं अंगण? पप्पांनी मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधून एक पिंप उभं कापून आणलंय, त्यावर जाळी टाकलीय. शुक्रवारची सुट्टी आहे. तुझ्याबरोबर वॉर्डात ड्युटी करणारी जमैकाची सिस्टर, माझी आंटी, आदल्या संध्याकाळीच येऊन कोंबडीला चिरा पाडून मसाला भरून गेलीय. पहिल्यांदा ती घरी आली तेव्हा तू वसईच्या मसाल्याची बाटली तिच्या नाकाशी धरली होतीस. मसाल्यात काय काय आहे ते सांगताना तू कबाबचिनीचे दाणे तिच्या हातावर ठेवलेस, तशी ती खुर्चीत बसलीच. "अगं, हे तर आमच्या दारातलं झाड!" तिच्याकडची मिरची बहारीनमध्ये मिळत नव्हती, म्हणून आपल्या हिरव्या मिरच्या घेतल्या. कांद्याची पात, आलं, लसूण, लिंबू. धुरासाठी कबाबचिनीच्या झाडाचं लाकूडही नव्हतं, तेव्हा ती मूठभर भिजवलेले दाणे निखाऱ्यांवर टाकायची आणि डोळे पुसत हसायची.

तिनेच सांगितलं होतं, उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम डोंगरात शिरले आणि तिथल्या मूळच्या लोकांकडून हे शिकले. रानडुकराचं मांस मसाला चोळून खड्ड्यात ठेवायचं, वरून पाला झाकायचा. धूर दिसला तर शिपाई आलेच. "लपून राहायचं तरी पोटाला हवंच ना," तू म्हणालीस. तेव्हा तुझ्या छातीत गाठ होती, आणि आमच्यापैकी फक्त आंटीला ते माहीत होतं.

माझं दहावीचं वर्ष होतं. एकदा किचनमधून आंटीचा चढलेला आवाज आला, "नवऱ्याला सांग, नाहीतर मी सांगते." तू तिचे दोन्ही हात धरले होतेस. "मुलीची परीक्षा होऊ दे. त्याला कळलं तर उद्याच सगळ्यांना वसईला नेईल." मला वाटलं, नोकरीचं काही असेल. मला बघून तू खेकसलीस, "पुस्तक सोडून इथं काय करतेस?" मी खोलीत जाऊन पुस्तक उघडलं.

शेवटचा पेपर झाला आणि तू तुझ्याच वॉर्डात आडवी झालीस. सात आठवडे. मला जवळ घेऊन म्हणालीस, "आंटीला दोष देऊ नको हां. शपथ मी घातली होती."

मी दिला, आय. तुला पुरून आल्याच्या तिसऱ्या दिवशी आंटी दारात आली. ड्युटीवरून तशीच, युनिफॉर्ममध्ये, हातात झाकलेलं पातेलं. "काही खाल्लंस का, बाळा?" मी इंग्रजीत म्हणाले, "तुला माहीत होतं. तू माझ्या आईला मरू दिलंस." पातेलं उंबऱ्यावर ठेवून ती गेली. मी ते उचललं आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात ओतलं. पप्पा दोन दिवस जेवले नव्हते. आतून त्यांचा आवाज आला, "वास छान येतोय. कोणी काही आणलं का?"

"शेजारी चाललंय काहीतरी," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी तिचा करार संपला. जाताना ती पप्पांकडे एक चिठ्ठी ठेवून गेली, त्यात कोंबडीची कृती आणि खाली घरचा पत्ता. त्या दिवशीचं तिने पप्पांना काहीच सांगितलं नव्हतं. "आंटीला पत्र लिही हां," पप्पा म्हणाले. "लिहिते," मी म्हटलं.

पुढे मीही नर्स झाले. माझाही हात धरून बायका म्हणाल्या, सिस्टर, घरी सांगू नका. मी नाही सांगितलं. एकीची मुलगी कॉरिडॉरमध्ये माझ्या अंगावर ओरडली, तेव्हा तिच्यासाठी आणलेला चहा बाकावर ठेवून मी वॉर्डात गेले.

हे सगळं खरं म्हणजे आंटीला लिहायला हवं होतं. ती आता असेल-नसेल, पण तेव्हा होती, आणि पत्ता मला पाठ होता. तिला लिहिलं असतं तर पाठवावं लागलं असतं. म्हणून तुला लिहिलं.