काठीवरची रेघ

अप्पा,

तुमची काठी शोधत बसू नका, मी नेलीय. आईची कपाटातून काढून दाराशी ठेवलीय. आमटी गॅसवर आहे, भात तेवढा लावा.

जीप उंच करून घ्यायला चिपळूणच्या गॅरेजात चाललेय. परवा रागात मी “तुमचं बोटीवरचं शहाणपण जीपला चालत नाही” म्हणाले, ते मनावर घेऊ नका. तुम्ही सांगितलंत तशी काल सगळ्या सामानासकट चिऱ्याच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर नेली. तंबू, अडकलेली गाडी ओढायचा विंच, पाण्याची टाकी मिळून चारशे किलो जादा भरलं! फोनवर मेकॅनिकही तुमचंच बोलला. आधी ओझं पेलणाऱ्या जाड स्प्रिंगा घाला, चार इंच उचललीत तर खडकाळ सड्यावर कलंडेल, दोन इंच बस्स. वाचवलंत मला, अप्पा.

आज निघताना तुमच्या काठीवर खडूची रेघ दिसली. जीपच्या पायरीशी धरून बघितली, तर रेघ पायरीच्या बरोब्बर दोन इंच वर. तुमचा पाय तेवढाच वर जातो ना? दोन इंचांसाठी एवढे भांडलात, पण गुडघ्याचं नाव काढलं नाहीत.

काठी मेकॅनिकला दाखवायला नेतेय. पायरी रेघेच्या वर गेली, तर जीप घरी आणणार नाही.

दर्शना