उरलेल्या बटणाचा नियम

३ मार्च, रविवार. संध्याकाळी ७
सुतारकाकांकडे पोकर. आम्ही चौघे: काका, नर्सताई, माझा आतेभाऊ वायरमन आणि मी. माझा पाचवा रविवार. खेळ बटणांवर, शर्टाच्या साध्या बटणांवर. पैशाचा संबंध नाही. आठवड्यात माझ्याशी आपणहून बोलणारी माणसं एवढीच. ही खुर्ची सोडायची नाही.
आज वाद झाला. काका आणि नर्सताई, दोघांकडे राजांची जोडी, बाकीची पानंही सारखी. काका म्हणाले, माझा राजा इस्पिकचा, इस्पिक मोठं, ढीग माझा. नर्सताई म्हणाली, इस्पिक मोठं असतं ते तुमच्या हातात असेपर्यंतच ना हो काका? दोघं हसत होते. पण मित्र तुटतात ते असेच, हसता हसता.
मी निकाल दिला. इस्पिक-बदाम सगळे सारखे, ढीग निम्मा-निम्मा. सतरा बटणं. आठ, आठ, उरलं एक. ते नर्सताईने न बघता खिडकीतल्या कानतुटक्या कपात टाकलं. मी विचारलं, हे कोणाचं? काकांनी पुढचे पत्ते वाटायला घेतले.
संकल्प: नियमावली लिहिणे. या लोकांना माझी गरज आहे.

५ मार्च, मंगळवार
मी बाइंडिंगच्या कारखान्यात पानांचे क्रमांक तपासतो. शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सात नियम झाले. ‘बरोबरी’ तीनदा तपासली.
आतेभाऊ भेटला. म्हणाला, तुझ्या खुर्चीवर अकरा वर्षं ड्रायव्हर बसायचा. ढीग वाटून एक बटण उरलं की ओरडायचा, “उरलंसुरलं माझं!” आणि आपल्या चहाच्या कपात टाकायचा. गेल्या वर्षी तो गेला. कप तोच आहे. त्या कपाच्या वाटेला जाऊ नकोस, बाबा.
ऐकून घेतलं. पण इतकी बटणं खेळाबाहेर पडून राहतात, हे त्याला दिसत नाही. भावना वेगळी, खेळ वेगळा.

१० मार्च, रविवार
नियमावली वाचून दाखवली. बांधणी निळ्या कापडाची. नियम ४: उरलेलं बटण पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडच्याला. नियम ५: कप बंद. कपातली बटणं मीच मोजून डब्यात टाकली. एकतीस. कप धुऊन पालथा ठेवला. आतला चहाचा डाग घासूनही निघाला नाही.
सगळे शांत. या घरात इतकी शांतता मी पाहिली नव्हती. नियमांचा गुण लगेच आला. काका मध्येच उठून पटाशीला धार लावत बसले. सुट्टीच्या दिवशीही कामाची ओढ! शिकण्यासारखं आहे.

१७ मार्च, रविवार
वाद शून्य. बोलणंही जवळपास शून्य. नर्सताई मला “काय रे न्यायाधीश” म्हणायची, आज “तुमची पाळी” म्हणाली. आदर वाढतोय. चहाचे तीनच कप आले. काकू आतूनच म्हणाल्या, कप कमी पडले. मी म्हणालो, असू दे, मला पित्त होतं.
खुर्ची डगमगते. गेल्या रविवारपर्यंत डगमगत नव्हती. आणि हे सुताराच्या घरात! काकांना सांगितलं. म्हणाले, माहीत आहे.
काका मनात काहीतरी धरून आहेत. कधीतरी भडकतील. खबरदारी म्हणून नियम ९: वादाचा निकाल मतांनी लागेल, मतं समसमान पडल्यास ज्याच्यामुळे वाद सुरू झाला, त्याने खुर्ची कायमची सोडावी. हा काकांसाठी. नाव अर्थातच घातलं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. काकांनी सर्वांत आधी. चष्मा लावून, दोनदा वाचून.

२४ मार्च, रविवार. संध्याकाळी ५.२०
लवकर घरी आलो.
नर्सताईने ठराव मांडला: ड्रायव्हरचा कप परत उभा करायचा. ती आणि काका बाजूने. मी विरोधात, तत्त्व म्हणून. राहिला आतेभाऊ. तो बराच वेळ पत्ते पिसत बसला. मग म्हणाला, ह्याला मी आणलाय, ह्याला एकटा कसा पाडू? आणि हात माझ्या बाजूने वर केला. मला भरून आलं.
दोन विरुद्ध दोन.
काका म्हणाले, नववा वाच रे. मोठ्याने वाच, अक्षर तुझंच आहे.
वाचला. एकही चूक नव्हती. काका म्हणाले, वाद सुरू झाला तो तू कप पालथा घातलास तेव्हा.
आतेभाऊ माझ्या विरोधात गेला असता, तर तीनास एक झालं असतं. फक्त कप परत आला असता. मी आता तिथे बसलेला असतो. हे त्याला जिन्यात समजावून सांगितलं. तो रडकुंडीला आला. वर म्हणाला, तू गप्प का नाही बसलास रे एकदा तरी?
नियमावली तिथेच राहिली. निघताना दारातून दिसली. काकांनी ती माझ्या खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली होती. जाडी बरोबर बसली.

३१ मार्च, रविवार. दुपारी ४
निराश व्हायचं कारण नाही. संकल्प: घरी एकट्याने सराव. चार महिन्यांत तेच बोलवायला येतील.
जुन्या शर्टांची बटणं कापली. खाटेवर चार जागा मांडल्या. चौघांचे पत्ते मीच वाटले. तिसऱ्या डावात काका आणि नर्सताई यांची बरोबरी, दोघांकडे राण्यांची जोडी. इस्पिक मोठं, असं कोणी म्हणालं नाही. थोडं थांबून पाहिलं.
पंधरा बटणं. सात, सात, उरलं एक. नियम ४ प्रमाणे ते डावीकडच्याला, म्हणजे आतेभावाला. त्याच्या जागी उशी आहे.
माझा चहाचा कप रिकामा होता. त्यात टाकलं. फार मोठा आवाज झाला.