काचेच्या हौदातलं शेवाळ

मुंबई, मार्गशीर्ष १९५८

प्रिय कौशल्या,

तुह्या बाबांचा निरोप तुह्या भावाच्या, देवमनच्या कार्डात वाचला. “चंद्रभान एका जागी टिकला तं पोरगी धाडतो, नाही तं ती इथं माहेरी, शेंदूरजन्यातच बरी.” खोटं नाही बोलले. अकोल्याची जिनिंग सोडली, अमरावतीचा छापखाना सोडला, पातूरले तं बस्तानही बसलं नव्हतं. म्हून इथं मी काय करून राहिलो ते तूच वाच, मंग त्यांना सांग.

इथं लोक तिकीट काढून जिते मासे पाहायले येतात. मी हौद धुतो. माह्याकडे एक काचेचा हौद आहे, समुद्राच्या पाण्याचा. आत पोवळ्याचे दगड, अन् दगडांवर फुलांसारखे जीव. काडी लागली की मिटतात. मासे पिवळेधमक, जशा हळद लागलेल्या नवऱ्या. आपल्या दर्यापूरच्या विहिरीले आपण खारी म्हणतो, पण हे पाणी चाखशील तं ते सरबत वाटेल.

पोळ्यानंतर ऊन तापलं अन् त्या दगडांवर शेवाळ धरलं. हिरवं, केसांसारखं लांब. ते जीव त्याखाली बुजाले लागले. दोन मिटले ते उघडेचनात. मी ब्रशानं घासलं, बोटांनी उपटलं, नखं हिरवी झाली. आज घासावं अन् आठवडाभरात पुन्हा गवत. साहेब म्हणाले, दिवाळीच्या गर्दीआधी हौद साफ दिसला नाही तर दुसरा माणूस पाहतो. म्या मनात म्हटलं, गेली हीबी नोकरी. वळकटी बांधून ठेवली होती, तुह्यापासून काय लपवू.

मंग एकदा साहेबांनी मले मासे चारताना पाहिलं. कोलंबी बारीक चिरून चिमूटभर टाकायची असते. मी मूठमूठ टाकून राहिलो होतो. मासा काचेपाशी येऊन तोंड वासे, अन् माहा हात आखडेना. आपल्याकडे पाहुणा ताटावर आडवा हात धरते तरी आपण वाढतोच, तोच हात हा! साहेब म्हणाले, “अरे वऱ्हाडी, मासे पोसतोस की पंगत उठवतोस? उरलेलं सगळं ते शेवाळ जेवतंय.” उरलेलं सडून पाण्यात मुरे, वरून खिडकीतलं ऊन. त्याले अजून काय पाहिजे? अन् मी आपला वरून घासून राहिलो.

तवापासून चिमूटच, तीबी एक दिवसाआड. खिडकीले गोणपाट लावलं, थोडं थोडं पाणी बदलत गेलो, समुद्रातल्या गोगलगाई सोडल्या. आधी काहीच फरक दिसेना. मासे माह्याकडे असे पाहत, जसं मी त्यांना सासरी उपाशी ठेवलं. पळून जावं वाटे. पण हौदापाशी बसलो की तुही डाळ आठवे.

नवी आली तवा तू विहिरीच्या पाण्यात डाळ चढवली होती. आमच्या गावात डाळीचं पाणी नदीच्या वाळूत खोदलेल्या झिऱ्यावरून आणतात, हे नव्या नवरीले कोणी सांगतलंच नाही. तू फुंकणी फुंकून राहिली, मी लाकडं आणून देऊन राहिलो, अन् डाळ तशीच टणक. माय सगळ्यांदेखत बोलली, “संत्र्याच्या गावची पोर, हाताले गुणच नाही!” ते तू मनाले लावून माहेरी गेली. तिथंबी चुलीपाशी जात नाही, असं देवमन लिहिते. कौशल्या, हातात काही खोट नव्हती. पाणी खारं होतं. कितीबी जाळ घातला असता तरी ती डाळ शिजणार नव्हती.

दिवाळीत हौद चकचकीत होता. मिटलेल्या दोघांतला एक जीव उघडला. दुसरा गेला, त्याचं वाईट वाटते. साहेबांनी मले कायम केलं. वळकटी सोडून अंथरली, एक लहानशी खोलीबी घेतली. दाराबाहेर नळ आहे. पहिल्याच दिवशी तुरीची डाळ चढवून पाहिली. कशी मेणासारखी शिजली! पण मीठ जास्त झालं अन् फोडणी जळली. पत्र त्यासाठीच लिहिलं. बाबांना सांग, टिकलो. अन् तू ये. इथलं पाणी गोड आहे. आता फक्त तुहा हात पाहिजे.

तुहाच, अजून इथंच असलेला,
चंद्रभान