अडलेल्यांसाठी राखलेलं

६ जानेवारी, सोमवार
आमच्या ठकीकडे कंपनीचं अख्खं टेलिफोन-यंत्र सोपवलं! अख्खं! नातीचं कौतुक आजीने नाही करायचं तर कोणी? मी दुसरी नापास, अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. पण हे लिहून ठेवणारच.

कंपनी तीच, ह्यांना ऑक्सिजन पुरवते ती. पेशंट घरी, सिलिंडर घरी, काही अडलं तर त्यांना फोन करायचा.

८ जानेवारी
ठकीने आज समजावलं. यंत्राची ताकद म्हणे ठरलेली असते. एकेक फोन थोडी थोडी खातो. विक्रीवाल्यांची चाळीस जणांची मीटिंग फोनवर लागली की ती बकाबका खाते! मग आजाऱ्याच्या फोनला काही उरतच नाही. म्हणून हिने आठ फोनांपुरती ताकद बाजूला काढलीय, सिलिंडरवाल्या पेशंटांसाठी. रिकामी पडली तरी कोणी हात लावायचा नाही.

मी म्हटलं, "म्हणजे मागून येणाऱ्याचं जेवण आपण आधीच झाकून ठेवतो, तसं?"

"आजी, उद्यापासून तूच जा ऑफिसला!"

हे हसले. हसले आणि धाप लागली. किती वेळ छाती चोळत होते मी.

१४ जानेवारी
आज करून बघितला फोन. पहिल्याच घंटीला उचलला! आता बोलू काय? घाबरून विचारलं, "जेवलात का?" पलीकडची पोरगी म्हणाली, "हो आजी, तुम्ही?" अशाने आजारी माणसाला केवढा आधार वाटत असेल! ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, "बावळट." डोळे मात्र हसत होते.

२ फेब्रुवारी
ह्यांना कूस वळवली तरी दम लागतो. हाडं हाताला लागतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार
ठकी फणफणत आली. साहेब म्हणाले, "महिना झाला, ती आठ फोनांची ताकद बहुतेक वेळ रिकामीच. शोभेला ठेवलीस का? उद्या सकाळची मोठी मीटिंग आहे, दोन तास सोड." ही भांड भांड भांडली. शेवटी सोडली. नोकरी आहे, करते काय!

१३ फेब्रुवारी
हे गेले. सकाळी सव्वादहाला. सिलिंडरचा काटा झरझर खाली आला.
लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी
घर माणसांनी भरलंय आणि खाट तेवढी रिकामी. दोनदा औषधाच्या वेळेला उठले मी! सूनबाईने हाताला धरून परत बसवलं.

ठकी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "त्या दोन तासांत यंत्राने सतरा फोन दारातूनच परत पाठवले, आजी. कोणाचे, त्याची नोंदही राहत नाही. आपलाही त्यातच होता ना गं? किती वेळा लावलास?"

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

२१ फेब्रुवारी
साहेब येऊन गेले. मान खाली. चहा निवून गेला त्यांचा. ठकी खोलीबाहेर आली नाही.

२५ फेब्रुवारी
पोरगी वाळत चाललीय. सूनबाई ताट घेऊन मागे मागे, आणि ही म्हणते, "आबांचा श्वास मी देऊन टाकला, आई." आज राजीनामा लिहिलाय. उद्या देणार.

किती बोलकी मी! शेजारीण म्हणते, तुझ्या तोंडाला कुलूप नाही. आणि नेमकं आत्ताच बरं लागलं. चार लोक काय म्हणतील, ह्याचीच भीती. जळो मेलं ते!

२६ फेब्रुवारी
चप्पल घालत होती, तिला आत ओढली. म्हटलं, ठके, मी फोन लावलाच नव्हता. उठले होते लावायला. ह्यांनी मनगट धरलं. म्हणाले, "आता पुरे. बस माझ्याजवळ."

मी बसले.